काळ्या शिडाची होडी

माझ्या बाबांना होडीतलं सगळं कळतं, असं ते स्वतःच सांगत आले आणि आमच्या वाडीत त्यांना कुणी कधी खोटं पाडलं नाही. कोवळ्या वयात ते शिडाच्या गलबतावर मंगलोरी कौलं वाहून आणत, पुढे उभं आयुष्य परदेशी मालबोटींवर खलाशी म्हणून काढलं. त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. जमिनीवरचं सगळं आई बघायची. आई गेल्यापासून मी बघते.

मी मंडणगडकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न झालं नाही. का झालं नाही हा वेगळा विषय आहे आणि तो मी इथे काढणार नाही. आई गेली, बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि ‘आता घरी कुणीतरी हवं’ असं सगळ्या नातेवाइकांनी एकमुखानं ठरवलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही. माझा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनीयर आहे. त्याला कोण सांगणार नोकरी सोड म्हणून? मी मुदतीआधी निवृत्ती घेऊन रत्नागिरीला आले. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही.” हे वाक्य तो अजूनही दर रविवारी म्हणतो.

गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकेल तितकी टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांना चेहरे ओळखू येत नसत, रंग कळत नसत. उजेडासमोर काही काळं आलं तर तेवढं दिसायचं. अंगणातल्या तारेवर कावळा बसला की ते बरोबर सांगत. मी समोर जाऊन उभी राहिले की मात्र “कोण गो?” असं विचारत.

आमच्या पोटमाळ्यावर शिवणीच्या लाकडाच्या फळ्या पडून होत्या. मी लहान असताना बाबांनी त्या आणल्या होत्या, भावासाठी. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी एक तळं पाहिलं होतं. तिथे टोप्या-कोट घातलेली मोठी मोठी माणसं हातभर लांबीच्या शिडाच्या होड्या पाण्यात सोडून शर्यती लावत. त्या तळ्याचं एक रंगीत चित्रही त्यांनी आणलं होतं. निळं पाणी आणि त्यावर कललेली पांढरी शिडं. “तुला अशी करून देतो,” असं ते भावाला सांगायचे. मग सुट्टी संपायची आणि ते जायचे. पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. भाऊ मोठा होऊन क्रिकेट खेळायला लागला आणि आईनं त्या फळ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. मी एकदा विचारलं होतं, मला द्याल का करून? बाबा हसले होते. “होडीला बाईचा हात लागला की होडी रुसते,” म्हणाले. आमच्याकडे असं म्हणतात. आमच्याकडच्या बायकांना रुसायला सवड नसते, म्हणून त्यांच्या वाटचं बहुधा होड्याच रुसत असाव्यात.

तर अशाच एका रविवारी बाबा फोनवर भावाला म्हणाले, “ती होडी ऱ्हायली रे आपली. आता मला दिसायचं पण बंद होईल.”

“पुढच्या सुट्टीत करू, बाबा.”

भाऊ पन्नाशीला टेकलाय. बाबांनी मान हलवली, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी दुसऱ्या दिवशी बरण्या खाली उतरवल्या आणि फळ्या काढल्या.

हे मी प्रेमापोटी केलं असं कुणी म्हणू नये. निम्मं प्रेम असेल, निम्मी ईर्ष्या होती. या माणसाच्या डोळ्यांत मी रोज औषध घालते, त्याची नखं कापते, पेपर वाचून दाखवते. आणि हा वाट बघतो ती भलत्याचीच. मला एवढंच हवं होतं, की त्यांच्या डोळ्यांत काही उरलंय तोवर मी केलेली होडी त्यांनी पाण्यावर चालताना बघावी आणि म्हणावं, बरी झाली. आमच्या घरात ‘उत्तम’ म्हणायची पद्धत नाही. ‘बरी’ ही शेवटची पायरी. भावाच्या डिग्रीलाही बाबा ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले होते. मला तेवढंही कधी म्हणाले नव्हते.

सुतारकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. फळ्या होडीच्या आकारात कापायच्या, एकीवर एक चिकटवायच्या, बाहेरून तासायच्या आणि मग आतून कोरून पोकळ करायच्या. व्हिडिओतल्या माणसाच्या हातात लाकूड लोण्यासारखं निघत होतं. माझ्या हाताला फोड आले. पडवीत मी ठोकत बसायचे आणि बाबा खुर्चीत बसून ऐकायचे. पहिली होडी कोरता कोरता पटाशी तळातून आरपार गेली. बाबांनी आवाजावरून ओळखलं. “फुटली?” म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असेलही, पण आवाजात मला तरी समाधान ऐकू आलं.

शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, “काय बाई, आता सुतारकी? एवढी शिकून?” मी म्हणायचे, हो, शिक्षण कमी पडलं म्हणून.

दुसरी होडी जमत गेली. आणि इथे मला खरं ते लिहायला हवं, की ते महिने वाईट नव्हते. मी होडी बाबांच्या मांडीवर ठेवायचे आणि ते तळव्यानं तिच्या अंगावरून हात फिरवायचे. “इथं पोट आलंय. हय, डाव्या अंगाला.” मी काचपेपर मारायचे, पुन्हा मांडीवर ठेवायचे. “आता कसं.” त्यांचं बरोबर असायचं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, कशी पाणी कापते, सुकाणू कुठवर खाली हवं, हे सांगताना ते गलबतावरच्या गोष्टी सांगायचे, ज्या त्यांनी मला कधी सांगितल्याच नव्हत्या. एकदा वादळात शीड फाटून गेलं आणि ते सगळे खलाशी लहान मुलांसारखे रडले, ती गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. सगळ्या हयातीत आम्ही बोललो नव्हतो तेवढं त्या उन्हाळ्यात बोललो. मला वाटायला लागलं होतं, की आपलं जमतंय.

डोलकाठीला मिरजोळ्याहून ॲल्युमिनियमची नळी आणली. शीड मात्र मी काळ्या छत्रीच्या कापडाचं केलं. चित्रातली शिडं पांढरी होती, पण पांढरं शीड चकाकत्या पाण्यावर बाबांना दिसलंच नसतं. काकू कुंपणावरून म्हणाल्या, “अगं, काळं काय? कुणाच्या सुतकाला चाललीय होडी?” बाबांना मी कारण सांगितलं तेव्हा त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिलं. मग म्हणाले, “डोकं चालवलंस.” त्या दिवशी मी आनंदानं सांदण केलं, फणसाचे गरे गाळून, आणि बाबांनी दोनदा मागून घेतलं.

भांडण झालं ते होडीच्या पायावरून. अशा होडीला तळाशी खाली एक लांब पातं असतं आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. शिडात वारा भरून होडी कलली, की तो गोळा तिला खाली ओढून पुन्हा सरळ करतो. मी मिरकरवाड्यातून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणली, जुन्या कढल्यात वितळवली, कोरड्या वाळूत ओतली. पातं तळाला दोन बोल्टांनी बसवलं. भावाला फोटो पाठवला, त्यानं अंगठा पाठवला. मग मोठ्या कौतुकानं होडी बाबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांचा हात तळावरून खाली गेला आणि थांबला.

“हे काय बांधलंस?”

मी समजावून सांगितलं.

“खुळी काय तू? वजन होडीच्या पोटात असतं. आमी निरम म्हणतो त्याला. गोटे भरायचे तळाला, झालं. पायात वजन बांधतात ते बुडवायचं असलं तर.”

“बाबा, मोठ्या होडीला ते चालतं. होडी लहान केली म्हणून वारा लहान होत नाही ना. तिला जास्त आधार लागतो.”

“तू मला वारा शिकवतंस?”

“त्या तळ्यातल्या होड्यांनाही असं पातं असणारच.”

“मी बघितल्यात त्या. नव्हतं काय पण.”

“पाण्याखालचं दिसलं होतं तुम्हाला?”

हे मी बोलायला नको होतं असं नाही. ते खरंच होतं. चित्रातसुद्धा होड्या पाण्याच्या वरच दिसत होत्या, खाली सगळं निळं. पण बाबांनी होडी मांडीवरून उचलून फरशीवर ठेवली, आपटली नाही, ठेवली, आणि म्हणाले, “मग तुझी तू सोड. मी नाय येत बघायला.”

दोन दिवस ते जेवायला बसून नुसता भात चिवडत होते. मी शाळेत गुरुत्वमध्य शिकवलाय, फळ्यावर बैलगाडी काढून, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना. मला माहीत होतं काय होणार. पण त्यांनी येऊन बघावं यासाठीच तर सगळा खटाटोप, आणि नजर दिवसागणिक उणी होत होती. शेवटी मी बोल्ट काढले, पातं काढून ओट्याखाली ठेवलं, भोकं लाकडात भरायच्या लांबीनं बुजवली. बाबांनी स्वतः चाचपून गोल गोटे निवडले, ते मी होडीच्या पोटात रचले. धुण्याच्या टाकीत होडी सरळ उभी राहिली. टाकीत वारा नव्हता. बाबांनी पाण्यात हात घालून तिला हलवून पाहिलं. “बघ,” म्हणाले. आणि मी, इतकी शिकलेली बाई, क्षणभर खरंच बघितलं. वाटलं, असेलही यांचंच बरोबर.

आषाढ लागला होता. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे कुठलीही होडी पाण्यात घालत नाहीत. ही हातभर खेळण्यातली होडी, पण बाबा ऐकेनात. होडी ती होडी. तेवढ्यात भावाची सुट्टी ठरली, तोही पौर्णिमेला येतो म्हणाला. मग काय, घर भरलं. होडी घडत होती तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. आता भाऊ आला, चुलते आले, चुलत्यांच्या सुना आल्या, कुंपणावरच्या काकू फाटकातून आल्या.

त्या दिवशी दुपारी पावसानं उघडीप दिली होती आणि वारा पिसाटासारखा सुटला होता. बाबा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून तयार. मांडवीला गर्दी असते म्हणून आम्ही भाट्याच्या खाडीकडे गेलो. बाबांनी नारळ वाहिला, हात जोडले. मी होडी घेऊन उथळ पाण्यात उतरले. नाळेला तंगूस, मासेमारीचा नायलॉनचा दोरा, बांधला होता, म्हणजे होडी वाहून जाऊ नये.

“थांब,” बाबा मला म्हणाले, आणि मग भावाला, “तिला धरू दे दोरी. होडी तू सोड रे.”

भावानं माझ्याकडे बघितलं. “ताई, मी...?” एवढंच म्हणाला आणि हात पुढे केला. मी दिली. माणसं जमलेली असताना काय बोलणार? तो गुडघाभर पाण्यात गेला आणि त्यानं सोडली.

ती गेली. एवढं मात्र मी कुणालाही विसरू देणार नाही, ती गेली. शिडात वारा भरला, नाळेनं पाणी कापलं, आणि ते काळं शीड चकाकत्या पाण्यावर तरातरा पुढे निघालं. बाबा एकदम ओरडले, “दिसतंय! मला दिसतंय रे, दिसतंय!” त्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हात वर केले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

मग वाऱ्याची झुळूक नव्हे, चपराक आली. होडी कलली. पोटातले गोटे गडगडत एका अंगाला गेले, ते मला काठावर ऐकू आले असं अजूनही वाटतं. शीड पाण्यावर आडवं झालं, होडीनं पाणी घेतलं आणि ती खाली गेली. माझ्या हातात तंगूस ताणला गेला.

“काय झालं? कुठं गेली?”

भाऊ म्हणाला, “उलटली, बाबा. बुडाली.”

बाबांनी वर केलेले हात खाली घेतले. मग मागे उभ्या असलेल्या माणसांकडे वळून, जराही राग न करता, पाऊस येईल बहुतेक असं सांगावं तसं म्हणाले, “मी म्हटलेलं. बाईचा हात.”

चुलते हसले. सुना हसल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी तंगूस ओढत होडी वर काढत होते. तोंडाशी आलं होतं सगळं: ओट्याखालचं पातं, शिशाचा गोळा, गोटे कुणाचे. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण काय सांगणार, आणि कुणाला? आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याला सणाच्या दिवशी चारचौघांत खोटं पाडलं, हेच पुढे वर्षभर वाडीत चघळलं गेलं असतं.

परतताना रिक्षात बाबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते. भाऊ म्हणाला, “ताई, वजन खाली लागतं गं अशा होडीला. फोटोत तर होतं. काढलंस कशाला? तुला एवढं कसं कळलं नाही?”

मी बाबांकडे बघितलं. आता तरी बोलतील. त्यांना ऐकू अगदी खणखणीत येतं. ते समोर तोंड करून बसले होते, हातातल्या काठीची मूठ बोटांनी चाचपत. मारुती मंदिर आलं, घर आलं, आम्ही उतरलो. बाबा काही बोलले नाहीत. होडी बुडाल्याचं मला इतकं लागलं नव्हतं. त्या रिक्षातल्या गप्प बसण्याची अढी माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

भाऊ सुट्टी संपवून गेला. दिवाळीच्या सुमारास बाबांना तारेवरचा कावळाही दिसेनासा झाला. होडी पडवीत कोपऱ्यात वाळत पडली होती. एक दिवस मी ती उचलली, बुजवलेली भोकं पुन्हा मोकळी केली, गोटे अंगणात फेकले आणि ओट्याखालचं पातं काढून बसवलं.

बाबांना झोप लागली होती तेव्हा मी एकटीच रिक्षानं खाडीवर गेले. वारा चांगला होता. होडी सोडली, ती कलली, इतकी कलली की शिडाचं टोक पाण्याला लागायला आलं, आणि मग सावकाश, कुणीतरी खालून हात दिल्यासारखी, वर आली. पुन्हा कलली, पुन्हा वर आली. तंगूस संपला तेव्हा मी पाण्यात चालत तिच्या मागे गेले. पंजाबी ड्रेस कमरेपर्यंत भिजला. काठावर जाळं वाळवणाऱ्या एका माणसानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. इतकी सुंदर चालली ती, आणि तिचं मी काय करू हे मला कळेना.

घरी येताना ठरवलं होतं, आज सांगायचं. पातं होतं म्हणून चालली, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. मी पडवीत पाऊल टाकलं तर बाबा जागे होऊन खुर्चीत बसलेले.

“खाडीवर गेलेलंस? वास येतोय.”

“हो. होडी सोडली. चालली.”

“उलटली नाय?”

“नाही.”

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. “आण बघू हय.”

मी होडी घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. दोन पावलांवर. ती तशीच, पात्यासकट, त्यांच्या मांडीवर ठेवायची होती, बस्स. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, आणि ते हात माझ्यापासून जरा डावीकडे, रिकाम्या जागेत, वाट बघत होते.

मी फरशीवर बसले, आवाज न करता बोल्ट फिरवले, पातं काढलं आणि माझ्या मांडीवर ओढणीखाली घेतलं. होडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी नाळेपासून हात फिरवायला सुरुवात केली. पोटावरून, तळावरून. तळाच्या मध्यावर दोन भोकं होती, अजून ओली. तिथे त्यांचं बोट थांबलं. एका भोकावर, मग दुसऱ्यावर. आयुष्यभर दोर आणि लोखंड हाताळलेल्या माणसाला बोल्टाचं भोक कळत नाही, असं होत नाही. त्यांना कळलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते, त्यांना कळलं.

“निरम पोटातच हवं,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“मग. मी काय सांगत होतो?” त्यांनी होडी माझ्या दिशेनं पुढे केली. “बरी झाली हो.”

मी ती घेतली. ओढणीखाली शिशाचा गोळा गार लागत होता, आणि उठायचं तर तो सावरून उठावं लागणार होतं, म्हणून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.